गुडघा बदलला; पुढचे बारा आठवडे कुणाचे?

परभणी (विशेष प्रतिनिधी) : तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘गुडघेबदल’ हा शब्द असंख्य मराठी घरांत पोचला. न्यूयॉर्कहून आलेले शल्यविशारद डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव त्या आठवड्यात सर्वतोमुखी झाले होते. जून २००१ मध्ये वाजपेयींचा उजवा गुडघाही बदलण्यात आला. त्या काळी ही शस्त्रक्रिया सत्तेतल्या, पैशातल्या किंवा परदेशी मुले असलेल्या मंडळींची मानली जात असे. पाव शतकानंतर ही समजूत उरलेली नाही. सरकारी विमा योजनेच्या यादीत गुडघेरोपणाला जागा मिळाली आहे, आणि जिंतूर-पाथरीकडच्या शेतकरी कुटुंबातही ‘आईचा गुडघा कधी करायचा’ ही चर्चा होऊ लागली आहे.

या बदलामागे एक सरकारी निर्णय ठळकपणे दिसतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना लगाम घातला. सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांना मिळणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४ हजार ७२० रुपयांच्या मर्यादेत आला. विशेष धातूंचा, सुमारे अडीच लाखांचा सांधा ७६ हजार ६०० रुपयांवर उतरला (कर वेगळा). धातू स्वस्त झाला. तो धातू शरीरात बसल्यावर वाकवायला शिकवणारा माणूस मात्र कोणत्याही किंमतयादीत नव्हता, आजही नाही.

नेमक्या याच रिकाम्या जागेत आता एक नवे तंत्रज्ञान येऊ पाहत आहे. ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’, म्हणजेच आभासी वास्तव. डोळ्यांवर उपकरण चढवून किंवा मोठ्या पडद्यासमोर बसून रुग्णाने पाय हलवायचा आणि समोरच्या काल्पनिक जगात चेंडू उडवायचा, नाव वल्हवायची, पूल ओलांडायचा, अशी ही कल्पना. महानगरांतील रुग्णालयांच्या जाहिरातींत रोबोटच्या शेजारी हा शब्दही झळकू लागला आहे. परभणीसारख्या जिल्ह्याने या साधनाकडे कसे पाहावे? चैनीची वस्तू म्हणून सोडून द्यावे, की अंतराच्या प्रश्नावर उतारा म्हणून जवळ करावे? उपलब्ध संशोधन वाचले, तर उत्तर या दोन्हींहून थोडे वेगळे निघते.

टाके सुकतात, गुडघा आखडतो

गुडघेरोपणानंतर रुग्णाला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. कौतुकाने छायाचित्रे काढली जातात. खरी झुंज त्यानंतर सुरू होते. मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याहून अधिक घटते, हे अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहे. गुडघा पूर्ण सरळ होणे आणि निदान नव्वद अंशांपर्यंत वाकणे, ही पहिल्या काही आठवड्यांतील किमान अपेक्षा असते. खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोडे अधिक वाकावे लागते. या काळात व्यायाम चुकला, तर सांध्याभोवतीचा व्रण कडक होतो आणि पुन्हा भूल देऊन गुडघा बळाने वाकवण्याची वेळ येऊ शकते. तीन महिने उलटल्यावर त्या उपायाचाही लाभ कमी होत जातो.

थोडक्यात, निकाल शस्त्रक्रियागृहात अर्धा लागतो. उरलेला अर्धा सहा ते बारा आठवड्यांत, घरी, दुखत असताना लागतो. आणि घरी काय घडते? शेजारच्या मावशी सांगतात, हलवू नका, टाके उलतील. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली जाते. रुग्णाला बरे वाटते, पण सांधा किंचित वाकलेल्या अवस्थेत आखडू लागतो आणि सरळ होईनासा होतो. कुणी तेल कढवून आणते. सगळे प्रेमापोटी. वैद्यकीय सल्ला मात्र नेमका उलटा असतो : उशी काढा, टाच उंच ठेवा, दुखले तरी दिवसातून तीन-चार वेळा वाकवा.

जिंतूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातील साठी ओलांडलेल्या स्त्रीचे उदाहरण डोळ्यांसमोर आणू. शस्त्रक्रिया नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला झाली. परभणीहून नांदेड पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, संभाजीनगर दोनशेच्या घरात. जिंतूरला तर रेल्वेही नाही. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा जायचे म्हटले, तर एसटीशिवाय मार्ग नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, तेव्हा तिकीट ही अडचण म्हणता येणार नाही. अडचण आहे एसटीच्या पहिल्या पायरीची. नव्या गुडघ्याच्या माणसाला ती पायरी डोंगरासारखी वाटते. शिवाय सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा दिवस बुडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर असा दिवस काढणे अवघडच. मग तिसऱ्या खेपेनंतर ‘आता बरं आहे’ असे म्हणून जाणे थांबते.

पंधराव्या दिवशी योजना संपते

येथे धोरणातील एक उणीव नोंदवावी लागेल. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या नियमांत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने हीच मुदत दहा दिवसांची आखली. अपेंडिक्ससारख्या शस्त्रक्रियेला ती पुरेशी असेल. गुडघ्याच्या बाबतीत मात्र पंधराव्या दिवशी टाके नुकतेच निघालेले असतात आणि खऱ्या पुनर्वसनाला जेमतेम आरंभ झालेला असतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने विमा संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागत झाले. पण रकमेचा आकडा वाढला म्हणून दिवसांचा आकडा वाढत नाही. लाखभराच्या सार्वजनिक खर्चाने बसवलेला सांधा केवळ व्यायामाअभावी साठ-सत्तर अंशांवर अडकून पडला, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

अशा परिस्थितीत ‘घरी बसून, पडद्यासमोर व्यायाम’ ही कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. पण मोह आणि पुरावा यांत फरक केला पाहिजे.

आभासी वास्तवाचा रुग्णांसाठी वापर तसा जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचे बर्फाळ जग तयार केले. जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकत असे, आणि मन तिकडे गुंतल्याने वेदना कमी जाणवत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीवरील अशाच एका उपकरणाला मान्यता दिली. वेदनेवरून लक्ष वळवणे, हा या तंत्राचा सर्वांत पक्का गुण.

गुडघेरोपणानंतरच्या व्यायामाबाबतचे निष्कर्ष अधिक सावध आहेत. कॅनडातील टोरँटो येथे ५० रुग्णांवर निन्टेंडो कंपनीच्या ‘वी फिट’ या घरगुती खेळाची चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत खेळणारे आणि नेहमीचा व्यायाम करणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. इटलीतील मिलान येथील चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८५ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत आभासी वास्तवाने व्यायाम केलेल्यांच्या वेदना इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत. मात्र एक गोष्ट सुधारली : पाय कुठे आहे, किती वाकला आहे, हे न पाहता कळण्याची सांध्याची जाण. अस्थिविकारांतील या तंत्राविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गुडघेरोपणाच्या बाबतीत साध्या व्यायामाच्या तुलनेत या तंत्राच्या परिणामकारकतेचा पुरावा अपुरा किंवा अनिर्णित ठरला. म्हणजे आजवरच्या चाचण्यांवरून हे तंत्र फार तर साध्या व्यायामाच्या तोडीचे म्हणता येईल, वरचढ नव्हे.

‘तोडीचे’ हा शब्द शहरातल्या वाचकाला फिका वाटेल. ज्याच्या घराच्या कोपऱ्यावर फिजिओथेरपिस्ट आहे त्याने हजारो रुपये देऊन तोडीची वस्तू का घ्यावी? पण ज्याला साधा व्यायाम करवून घेणाराच मिळत नाही, त्याच्यासाठी ‘तोडीचे’ हीच मोठी बातमी आहे. या दृष्टीने अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी परभणीला अधिक उपयोगाची. त्यात ३०६ रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी पडदा आणि हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला. पडद्यावरची आकृती व्यायाम करून दाखवी, कॅमेरा रुग्णाची हालचाल मोजी, आणि दूरवर बसलेला फिजिओथेरपिस्ट त्या नोंदी पाहून ठराविक काळाने रुग्णाशी बोले. डोळ्यांवर काहीही चढवायचे नव्हते. बारा आठवड्यांनी गुडघ्याची कामगिरी नेहमीच्या उपचारांइतकीच राहिली. खर्चाची मध्यम रक्कम २,८०५ डॉलरच्या जागी १,०५० डॉलर झाली. रुग्णालयात पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग ३० च्या तुलनेत १२ घडले.

त्याआधी, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ६५ आणि २०१५ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २०५ रुग्णांवरच्या चाचण्यांत, केवळ दूरचित्रसंवादाने करवून घेतलेला व्यायामही प्रत्यक्ष भेटीतील व्यायामापेक्षा उणा ठरला नव्हता. सिडनीतील १६५ रुग्णांच्या चाचणीने (२०१७) तर, गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला पुनर्वसनासाठी रुग्णालयात ठेवून घेतल्याने घरच्या कार्यक्रमापेक्षा जास्त लाभ होत नाही, असे दाखवले.

या सगळ्यांत समान धागा कोणता? यंत्र प्रत्येक ठिकाणी निराळे होते, किंवा फारसे नव्हतेच. माणूस मात्र सर्वत्र होता. कुणीतरी मोजत होते, विचारत होते, चुकल्यास सांगत होते. हा धागा दृष्टीआड करून हेडसेट खरेदी केले, तर काय होईल याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. गुडघा आपोआप वाकवत ठेवणारे ‘सीपीएम’ यंत्र टोरँटोच्या डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांच्या १९७० च्या दशकातील संकल्पनेतून आले. पुढे जगभरच्या रुग्णालयांनी ते घेतले, रुग्णांच्या देयकांत त्याचे भाडे दिसू लागले. २०१४ च्या कोक्रेन आढाव्याने २४ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा गुडघा वाकण्यातला फायदा सरासरी दोन अंशांचा निघाला. दोन अंशांनी ना जिना सुकर होतो, ना मोरी.

काळ्या मातीचा गुडघा

आभासी जग कुणाच्या जगासारखे असावे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. परदेशात तयार झालेल्या या खेळांतले जग खुर्चीचे आहे. तेथील रुग्णाला खुर्चीतून उठायचे, मोटारीत बसायचे, फरसबंद पदपथावर चालायचे असते. मराठवाड्यातील आयुष्य जमिनीलगतचे. जेवण मांडी घालून, भाकरी चुलीपुढे, नमाज गुडघ्यावर, निंदणी-खुरपणी उकिडवे बसून. उकिडवे बसणे, मांडी घालणे अशा हालचालींना १११ ते १६५ अंशांपर्यंत गुडघा वाकावा लागतो, असे २००१ मधील एका आढाव्यात नोंदलेले आहे. बदललेला गुडघा इतका वाकण्याची खात्री नसते आणि शल्यविशारद बहुधा उकिडवे बसू नका असेच बजावतात. म्हणजे रुग्णाला केवळ स्नायू बळकट करायचे नसतात. साठ वर्षांची बैठक मोडून नवी शिकायची असते. कमोडची खुर्ची, ओट्यावरची चूल, बाजेऐवजी उंच पलंग, आणि खुरपणीला कायमचा रामराम. पडद्यावरच्या विदेशी सरोवरात नाव वल्हवून यातले काही शिकता येईल, असे वाटत नाही.

उलट, आभासी वास्तवाचा जो एक गुण मिलानमध्ये दिसला, तो येथे कामाचा ठरण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, अरुंद बांध, एसटीची पायरी ही सगळी तोल आणि सांध्याच्या जाणिवेची परीक्षा आहे. बांधावरून चालण्याचा, पायरी चढण्याचा सराव पडद्यासमोर, कठड्याला धरून, पडण्याचे भय न बाळगता करता आला तर? हे अनुमान आहे; काही दिवसांच्या चाचणीतून शेतापर्यंतची उडी अद्याप कुणी सिद्ध केलेली नाही. पण परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि २०२३ मध्ये परवानगी मिळालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शेतकामातील शरीराची ओढाताण आणि अस्थिरोग हे दोन विषय एका टेबलावर आणण्यासाठी या दोन संस्थांमधील अंतर काही मैलांचेच आहे. सूचना मराठीत, तीही या भागातल्या म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा मराठीत हव्यात, हे सांगायला नको. ‘जानुसंधी आकुंचित करा’ असे यंत्र बोलू लागले, तर रुग्ण सुनेकडे पाहत बसेल.

डोळ्यांवर चढवायच्या उपकरणाबाबत सावधगिरीची आणखी कारणे आहेत. ते चढवले की खोली दिसेनाशी होते. उभ्याने व्यायाम करताना पडण्याचा धोका ओढवतो. काहींना मळमळ होते. चष्मा आणि मोतीबिंदू या वयात घरोघर. वैशाखात पारा ४२ अंशांपुढे गेलेला असताना, वीज गेलेल्या खोलीत, चेहऱ्यावर घट्ट बसणारे यंत्र घेऊन सत्तरीच्या आजी किती मिनिटे टिकतील, हा प्रश्न विनोदाचा नाही. मेटा कंपनीचा एक हेडसेट २०२४ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरना आला, म्हणजे किंमत आवाक्याबाहेर राहिलेली नाही. पण कंपन्यांचा भरवसाही मर्यादित असतो. हालचाल टिपण्यासाठी असंख्य संशोधकांनी ज्यावर भिस्त ठेवली, तो मायक्रोसॉफ्टचा ‘कायनेक्ट’ कॅमेरा २०१० मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. गुगलने पुठ्ठ्याची स्वस्त ‘कार्डबोर्ड’ पेटी २०१४ मध्ये आणली. २०२१ मध्ये तिची विक्री थांबवली. गुडघा मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसवलेला असतो.

तेव्हा जिल्ह्यापुरता विचार करायचा, तर हेडसेटऐवजी पडदा आणि कॅमेरा, आणि घराऐवजी तालुक्याचे रुग्णालय, हा अधिक व्यवहार्य मार्ग दिसतो. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. शस्त्रक्रिया नांदेडला होवो वा मुंबईला, रुग्णाने आठवड्यातून एकदा पालम, सोनपेठ किंवा मानवतला पडद्यासमोर बसावे, उरलेले दिवस घरी साध्या मोबाईलवर व्यायाम दाखवावा, आणि आशा कार्यकर्तीने गुडघा किती वाकतो हे कोनमापकाने मोजून कळवावे. यातले फारसे काही नवे उभारायचे नाही. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी दूरसल्ला सेवा २०१९ पासून चालू आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय आणि त्याखालच्या रुग्णालयांत पुनर्वसन कर्मचारी अपेक्षित आहेत. फिजिओथेरपिस्टांसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मार्च २०२० मध्ये केंद्राने जारी केलेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना मात्र नोंदणीकृत डॉक्टरांना उद्देशून आहेत. पडद्यापलीकडून गुडघा वाकवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टची जबाबदारी आणि मानधन त्यांत येत नाही.

आणि खरी गाठ मानधनाचीच आहे. खासगी रुग्णालयाला योजनेतून जी एकरकमी रक्कम मिळते, तिच्यात बारा आठवड्यांच्या दूर देखरेखीचा हिशेब नाही. मग तो खर्च रुग्णालय स्वतःहून का सोसेल? यावर उपाय म्हणून एकूण रकमेतील एक हिस्सा पुनर्वसनासाठी राखून ठेवता येईल. दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात गुडघा किती सरळ झाला, किती वाकला आणि रुग्ण किती अंतर चालला, या तीन नोंदी तालुक्याच्या रुग्णालयातून आल्यानंतरच तो हिस्सा रुग्णालयाला द्यावा. नोंदी पडद्यासमोरच्या व्यायामातून आल्या की ओसरीवरच्या, याने फरक पडत नाही. भारतात गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या पाहणीत २८.७ टक्के आढळले होते. त्यातले थोडेच शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात हे खरे, पण योजनेच्या दाराशी येणाऱ्यांची रांग आखूड होणार नाही. योजनेच्या उपचारांची यादी आणि दर वेळोवेळी सुधारले जातात. पुढच्या सुधारणेत ‘१५ दिवस’ या शब्दांपुढे गुडघ्यासाठी वेगळी ओळ घालायची की नाही, हे मुंबईत ठरेल.